पळीभर तीर्थ

॥ गावदेवी प्रसन्न ॥
बेलबंदर, ठाणे
१७ एप्रिल १९८७

प्रिय शिवराम,

नमस्कार. कंपनी बंद पडून आपण दोघं दोन दिशांना गेलो, पण जत्रा तू कधी चुकवली नव्हतीस. यंदाच आला नाहीस, आणि यंदाच आमच्या कान्हाच्या अंगात देवी आली.

सविस्तर लिहितो. कबड्डीची फायनल आमच्याकडे पुनवेच्या आदल्या रात्री दिव्याखाली होते. यंदा ऐन वेळी लाईट गेली. पंचांनी सामना सकाळवर ढकलला. फायनलला आमचा खालचा पाडा आणि नाथाचा वरला पाडा, म्हणजे सकाळी काय झालं असेल ते तू ओळखशीलच. वरल्या पाड्याचं म्हणणं, मैदान चुकीचं आखलंय. पुन्हा आखलं. मग आमच्या लोकांचं म्हणणं, पहिलंच बरोबर होतं. असं करता करता ऊन डोक्यावर आलं. कान्हाला संध्याकाळी पालखीला खांदा द्यायचा होता, म्हणून त्याचा उपास. तोही निर्जळी.

उत्तरार्धात जवळजवळ सगळ्या चढाया त्यानेच केल्या. मी मंडळाचा अध्यक्ष, त्याला बसवायला पाहिजे होतं असं कोणी म्हणेल, पण आम्ही मागे होतो. मग एका चढाईला तो वळला, आपल्याच अंगणात शिरला आणि आपल्याच तिघांना हात लावून मध्यरेषेकडे पळाला. पंचांनी नियमाचं पुस्तक मागवलं. त्यात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तोवर कान्हा पंचांसमोर उभा राहून त्यांना आई म्हणाला आणि खाली पडला. हातपाय झाडायला लागला, डोळे पांढरे. मी हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही.

मनुबाई पुढे झाली. गावात देवीचं तिलाच कळतं. ती म्हणाली, "आई आयली, बाजूला व्हा." कुंकू लावलं, धूप घातला, सगळं गाव भोवती जमलं. तिने विचारलं, आई, काय पाहिजे? कान्हा म्हणाला, "पाणी." तिने विचारलं, कुठे नेऊ? म्हणाला, "पाण्यात."

पालखी दरवर्षी संध्याकाळी निघते. यंदा भर दुपारी काढली, देवीनेच सांगितल्यावर काय करणार. पुनवेची भरती, खाडी काठोकाठ. आधी पालखीला स्नान घातलं, आरती केली, मग कान्हाला पाण्यात धरलं. बराच वेळ धरला तेव्हा देवी गेली. तो ओकला आणि त्याने त्याच्या आईला, सरस्वतीला हाक मारली. तुझी वहिनी त्या दिवसापासून जेवताना मध्येच रडते. आनंदाने असेल.

आता गावाने ठरवलंय की पुढच्या वर्षीही फायनल दुपारीच घ्यायची. पालखीचा पुढचा खांदा वरल्या पाड्याचा की खालच्या, हे भांडण तुला माहीत आहे. कोर्टात गेलं, परत आलं. ते आता देवीलाच विचारायचं. वरला पाडासुद्धा तयार आहे. तिने आमचीच तीन माणसं बाद केली, त्यामुळे ती कोणाच्या बाजूची नाही हे त्यांना पटलंय.

तू पोथ्या वाचणारा. यावर घरात काही करावं लागतं का, कळव.

तुझा
दामाजी


॥ श्री ॥
मानपाडा, डोंबिवली
२५ एप्रिल १९८७

प्रिय दामाजी,

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. मालनला वाचून दाखवलं. तिने देवापुढे दिवा लावला, मीही हात जोडले. नंतर दिव्यासमोर बसून राहिलो. काही विचारावंसं वाटतं, राग मानू नकोस.

मागच्या मे महिन्यात आमच्या कंपनीची क्रिकेटची मॅच झाली. इथे कंपन्यांना सुटी शुक्रवारी असते आणि मैदान आम्हाला दुपारचंच मिळालं. आमच्या खात्यातला उत्तम यष्टीमागे उभा होता, पायाला पॅड, हातात ग्लोव्हज. मध्येच तो बरळायला लागला. मॅनेजर साहेब फलंदाजीला आले तर त्यांना म्हणाला, आधी भांडी घासून घ्या. आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. मग तो पडला. त्याचंही अंग असंच तापलेलं होतं, आणि हातपाय झाडत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कपडे काढून त्याला थंड पाण्याने भिजवलं, काखेत बर्फ ठेवला, वारा घातला. मागून म्हणाले, हा उष्माघात. यात आधी माणसाचं भान जातं आणि मग माणूस जातो. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता.

उत्तमला यातलं काही आठवत नाही. त्याने साहेबांची माफी मागितली. साहेब अजून त्याच्याशी जपून बोलतात.

उत्तम जे बोलला ते कोणी देवाचं बोलणं मानलं नाही. मजकूरही तसा नव्हता. कान्हाचा मजकूर वेगळा आहे हे मला मान्य आहे. मी देवीबद्दल काहीच म्हणत नाही, तेवढी माझी लायकी नाही. एवढंच म्हणतो की त्याला एकदा चांगल्या डॉक्टरला दाखव, आणि इतक्यात उन्हात खेळू देऊ नकोस.

घरात वेगळं काही करायची गरज नाही. वहिनींना विचार की त्या का रडतात.

तुझा
शिवराम


॥ गावदेवी प्रसन्न ॥
बेलबंदर, ठाणे
१० मे १९८७

शिवराम,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू देशावरचा माणूस, आमची देवी तुला कशी कळणार? उत्तमच्या बाजूला मनुबाई नव्हती, म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय निघालं असतं, कोण सांगेल!

तरी तुझा शब्द ठेवला. कान्हाला डॉक्टरकडे नेला. डॉक्टर नवीन आहे, बाहेरगावचा. म्हणाला, ऊन लागलं असणार, जीव वाचला हे नशीब, आणि मीठ-साखरेचं पाणी लिहून दिलं. आम्ही सात पिढ्या खाऱ्या पाण्यावर जगतो आणि आम्हाला मीठ लिहून देतो. चिठ्ठी मी देवीपुढे ठेवली.

आणि देवी आली नव्हती म्हणतोस तर हे कसं झालं सांग. तेव्हापासून कान्हाला ऊन सोसत नाही. आधी दिवसभर होडीवर असायचा. आता थोडा वेळ गेला की डोकं धरून सावलीत बसतो, मळमळतं म्हणतो. मनुबाई म्हणते, देवीचं तेज अंगात राहिलं की बाहेरचं तेज सोसत नाही. याचं उत्तर तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे असेल तर कळव.

मंगळवारी लोक येतात, कान्हाच्या पाया पडतात. तो काही बोलत नाही. लोकांना तेही आवडतं.

सरस्वतीला विचारलं. ती म्हणाली, काही नाही.

दामाजी


बेलबंदर
२० जानेवारी १९८८

ती. शिवराम काका यांस,
कान्हाचा सा. नमस्कार.

काका, तुमचा पत्ता बाबांच्या ट्रंकेतून घेतला, तिथलं तुमचं पत्रही वाचलं. मी पत्र लिहिलंय हे बाबांना सांगू नका.

मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. मध्यरेषा आठवते, ती हलत होती. घसा इतका सुकलेला की कबड्डी कबड्डी म्हणताना जीभ टाळूला चिकटत होती. मैदानाच्या कडेला पाण्याचा ड्रम होता. सगळी मॅच मी त्या ड्रमकडे बघत होतो. उपास होता म्हणून गेलो नाही. मग एकदम खाडीत होतो आणि आई रडत होती. देवी आली तेव्हा कसं वाटलं असं लोक विचारतात. मी म्हणतो, सांगता येत नाही. ते खरंच आहे.

दिवाळीच्या आधी दुपारी प्रॅक्टिस ठेवलेली. मी गेलेलो. थोड्या वेळाने तसंच झालं. डोकं ठणकायला लागलं, थंडी वाजून अंगावर काटा आला, भर उन्हात. मी मुतायला जातो सांगून होड्यांच्या मागे जाऊन पडलो. कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर बाबांनी मनुबाईला बोलावलं असतं.

आता चैत्रात दुपारी मला खेळवणार आणि मी पडलो की पुढच्या खांद्याचं विचारणार. नाथाकाका मला रोज अंडी पाठवतो. आमच्या पाड्यातले म्हणतात, खा पण विसरू नको कोणाचा आहेस. काका, मी पडल्यावर काय बोलेन ते मला माहीत नाही. तुमचा उत्तम मॅनेजरला बोलला तसं काही बोललो तर? हे सोडा. मागच्या वेळी भरती होती, पाणी जवळ होतं. मला मरायची भीती वाटते. हे मी घरात बोललो नाही. देवी अंगात येणाऱ्याने असं बोलायचं नसतं.

खेळणार नाही म्हणालो तर बाबांचं गावात तोंड राहत नाही. तुम्ही त्यांना काहीतरी लिहा. पण माझं नाव घालू नका.

कान्हा


॥ श्री ॥
मानपाडा, डोंबिवली
१४ फेब्रुवारी १९८८

प्रिय दामाजी,

बरेच महिने आपलं बोलणं बंद आहे. चूक माझी असेल. मी कंपनीच्या जिन्यावरून घसरलो, पाय प्लास्टरमध्ये आहे, घोट्याचं हाड आहे म्हणून वेळ लागेल म्हणतात. घरी पडून आहे, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. नाहीतर स्वतः आलो असतो.

तू लिहिलंस की देवी मला कळणार नाही. खरं आहे. म्हणून मी तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून नुसतं तिचं बोलणं वाचलं. ती काय म्हणाली? पाणी, म्हणाली. आणि पाण्यात न्या, म्हणाली. दुसरं काही नाही. खांदा नाही, पाडा नाही. मनुबाईने कोणाला विचारलं आणि उत्तर कोणाच्या तोंडून आलं, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. तुम्ही पाणी पालखीला दिलं, ते चांगलंच झालं. पण जे तोंड पाणी मागत होतं त्याला पाणी शेवटी मिळालं. देवीला तहान लागते का, मला ठाऊक नाही. मला लहानपणी शाळेच्या गुरुजींनी शिकवलं की देवाला नैवेद्य दाखवतात तो वासाचा, जेवतात ती माणसं.

मी तुला देवी मानू नकोस म्हणत नाही. मानतोस तर तिचं ऐक म्हणतो. तिने पाणी मागितलं आहे. यंदा जो मैदानात उतरेल त्याला आधी पाणी, मध्ये पाणी, आणि अंगावर पाणी. उपासाची अडचण असेल तर ते देवीचं तीर्थ म्हणून द्या, तीर्थाने उपास मोडत नाही. आणि सामना संध्याकाळी घेता आला तर फार बरं.

हे तुझ्या कमिटीपुढे वाच. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तर जास्त चालेल.

मी रोज सकाळी कान्हासाठी हात जोडतो. उगाच, मुलगा आहे म्हणून.

तुझा
शिवराम


॥ गावदेवी प्रसन्न ॥
बेलबंदर, ठाणे
२२ मार्च १९८८

प्रिय शिवराम,

पायाचं वाचून वाईट वाटलं. शेकू नकोस, सुरमईचं कालवण खा.

तुझं पत्र कमिटीपुढे वाचलं. मग नाथा म्हणाला, हा माणूस देशावरचा असून आपल्या देवीचं बोलणं आपल्यापेक्षा नीट ऐकतो. वरल्या आणि खालच्या पाड्याचं इतक्या झटपट एकमत झालेलं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ठराव झाला. देवीने पाणी मागितलंय, ते खेळाडूंना तीर्थ म्हणून द्यायचं.

व्यवस्था चोख आहे. मनुबाई मैदानाच्या कडेला पाट मांडून बसेल. देवळातलं तांब्याचं भांडं आणि चांदीची पळी. सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाच्या तळहातावर एक पळी, मध्यंतराला एक पळी. अंगावर तुळशीने शिंपडायचं. तीर्थ तेवढंच असतं आणि ते सगळ्यांना पुरलं पाहिजे. पाण्याचा ड्रम यंदा ठेवणार नाही. तीर्थ असताना साधं पाणी प्यायलं तर देवीला काय वाटेल?

संध्याकाळचं मात्र कोणी मान्य केलं नाही. देवी दुपारी आलेली.

कान्हाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मला बरं वाटलं.

जत्रा २ तारखेला.

तुझा
दामाजी


तार
डोंबिवली, २९ मार्च १९८८

पळी नको हंडा द्या
शिवराम


॥ गावदेवी प्रसन्न ॥
बेलबंदर, ठाणे
६ एप्रिल १९८८

प्रिय शिवराम,

तुझी तार पोचली. आमच्याकडे तार म्हणजे कोणीतरी गेलं. सरस्वती फोडायच्या आधीच रडायला लागली, शेजारच्या बायका आल्या, त्यांनी विचारलं कोण गेलं, तिला सांगता येईना. मग मी वाचली. कोणी गेलं नव्हतं. वाचून काही कळलंही नाही.

कमिटीत नेली. मनुबाई म्हणाली, देवीला पळीचा मान कमी वाटतोय, तिला हंडा अर्पण करा असा याचा अर्थ. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. तुळस घालून, हळदकुंकू लावून पितळेचा मोठा हंडा भरला आणि मैदानात पालखीपुढे ठेवला. खेळाडूंना पळी, देवीला हंडा. मी स्वतः ठेवला, शिवराम.

दुपारी सामना सुरू झाला. भरतीचं पाणी चढत होतं तरी खाडीवरून वारा नव्हता. कान्हाचा उपास. त्याने तळहातावर पळी घेतली, प्यायला, आणि मग तळहात चाटला. मी अध्यक्षाच्या खुर्चीत होतो, मला ते दिसलं. मध्यंतराला पुन्हा पळी, पुन्हा चाटला. दुसऱ्या वेळी मनुबाईने त्याला हळूच आणखी एक पळी दिली. तीही आईच आहे कोणाची तरी.

उत्तरार्धात त्याचं पाऊल चुकायला लागलं. सामना कोणी बघत नव्हतं, सगळे त्यालाच बघत होते. नाथाची माणसं एका बाजूने पुढे सरकली, आमची दुसऱ्या बाजूने. बायका पदर सावरून उभ्या राहिल्या. तो चढाईला निघाला, मध्यरेषेपाशी थांबला आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्याला मी दिसत होतो की नाही माहीत नाही. मग पडला.

मनुबाई कुंकू घेऊन धावली. सगळ्या गावाने हात जोडले. मी पण जोडले. खोटं कशाला लिहू. मग त्याच्या अंगाला हात लावला. कोरडं, आणि तव्यासारखं. गेल्या वर्षी मी हेच तुला कौतुकाने लिहिलं होतं.

मी उठलो आणि हंडा उचलला. लोकांना वाटलं मी पालखीवर ओतणार, म्हणून त्यांनी वाट दिली. मी तो कान्हाच्या अंगावर ओतला. मनुबाई ओरडली, "दामाजी, आधी इचार, आधी इचार." नाथाने माझा दंड धरला. तो म्हणाला, देवीला बोलू दे, मग पाणी घाल.

मी म्हटलं, "ही देवी नाय. हा कान्हा आहे. पाणी आणा."

नाथा म्हणाला, तुला कसं कळलं? मी म्हटलं, नाही कळलं. पण थांबून बघायची माझी हिंमत नाही.

नाथाने दंड सोडला आणि आपल्या पोरांना बादल्या आणायला पाठवलं. त्याच्या होडीवरचा बर्फ आणला, मासळीचा, तो कान्हाच्या काखेत ठेवला. सरस्वतीने त्याचे कपडे काढले आणि पदराने वारा घातला. ती एकदाही रडली नाही. कान्हा काहीतरी बोलत होता. लोक वाकून ऐकायला लागले तेव्हा तिने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते मागे झाले. काय बोलला ते कोणी ऐकलं नाही.

टेम्पोत घालून दवाखान्यात नेला. वाटेतही नाथाचा पोरगा बादलीतून पाणी घालत होता. तोच नवीन डॉक्टर होता. मला ओळखलं, पण गेल्या वर्षीचं काही बोलला नाही. तो म्हणाला, एकदा झालं की शरीर पुन्हा लवकर हार मानतं, आता याने भर उन्हात खेळायचं नाही, होडीवरही सांभाळून, आणि उपास करायचा तर पाणी पिऊन. मी हो म्हटलं. चिठ्ठी खिशात ठेवली.

तिथे तीन रात्री काढल्या. कान्हा काल घरी आला. अशक्त आहे, पण पेज खातो. मी त्याला म्हटलं, तुला नको होतं तर बोलायचं होतंस. तो म्हणाला, बोललो होतो, शिवराम काकांना. मी तुझ्यावर रागावलो नाही, शिवराम. रागावायला तोंड नाही.

मनुबाई येऊन गेली. आली, कान्हाच्या डोक्यावरून हात फिरवला, काही न विचारता गेली. गावात काही लोक म्हणतात, देवी आली होती आणि मी तिला बोलू दिलं नाही, आता खाडीत मासळी येणार नाही. तसं असेल तर ते माझ्यावर. मी रोज देवळात जातो आणि तिला तेच सांगतो. ती काही म्हणत नाही.

त्या दिवशी मी टेम्पोत बसलो तेव्हा मागे पालखी उचलली गेली, ताशा वाजत होता. पुढचा खांदा कोणी दिला ते मी पाहिलं नाही. अजून कोणाला विचारलंही नाही.

तुझा
दामाजी